दांडी पण दिसते

"दिसली" म्हणालो, तेवढं एक वेळ माफ होण्यासारखं होतं. थंडीत कुडकुडणारा माणूस काहीही म्हणतो. पण त्यापुढे मी "दांडी पण दिसते, साहेब" असं जोडलं. ते का जोडलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खोटं बोलायचं तर आटोपशीर बोलावं. मी नक्षीकाम करायला गेलो आणि त्यापायी एका सज्जन म्हाताऱ्याच्या डोळ्याला कात्री लागली.

घाबरू नका, डोळा छान आहे. छान नसता तर हे लिहायला माझा हात धजला नसता.

आधी ती दांडी कसली ते सांगतो. दक्षिणेच्या आकाशात अश्मंत नावाचा एक फिका तारकासमूह आहे. अश्मंत म्हणजे भट्टी, असं साहेब सांगत. त्या भट्टीत एक दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा जमाव. काही दीर्घिकांचे हात गाभ्यातून चकलीसारखे वळत निघतात. हिच्या मधोमध ताऱ्यांची एक सरळ दांडी आहे, आणि दोन लांब हात त्या दांडीच्या टोकांपासून वळत जातात. इतर चकल्या सोडून साहेब हिच्याच मागे का लागले, असं मी एकदा विचारलं होतं.

"अरे, शनीकडे सगळेच बघतात," ते म्हणाले. "ज्यांना साडेसाती आहे तेसुद्धा. हिच्याकडे झाशीत कोण बघतंय? आणि हिची बांधणी बघ. मध्ये शाफ्ट, टोकांना हात. ही एकच अशी आहे की कुणीतरी आधी ड्रॉइंग काढून मग बनवलीय."

साहेब आमच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली. ते कऱ्हाडकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले आणि निवृत्तीनंतर झाशीतल्याच नगऱ्यात घर बांधून राहिलेले. आम्ही झाशीचेच. आमचे पूर्वज पूजाअर्चेसाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे माझ्या मराठीत निम्मी हिंदी असते आणि साहेबांच्या हिंदीत निम्मं कऱ्हाड. आमचं एकमेकांशी बरं जमे.

त्यांचं एक तत्त्व होतं: एकाने पाहिलं ते वाटलं, दोघांनी पाहिलं ते आहे. कारखान्यात हे ठीकच होतं. जोड तपासला की ते बाजूला होत आणि मला म्हणत, "पास?" मी वाकून पाहायचो आणि म्हणायचो, "पास, साहेब." तेव्हा खरंच पाहून म्हणायचो, हे इथे नमूद करतो. पण निवृत्तीनंतर हे तत्त्व कारखान्याच्या फाटकातून त्यांच्यासोबत घरी आलं. काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, आमटीत मीठ बरोबर आहे का हे ते चाखून ठरवत आणि मग वाटी घेऊन समोरच्या मिश्राजींकडे जात. अंगात ताप वाटला तर थर्मामीटर तोंडात धरून गल्लीत उभे राहत, कुणी येईल आणि वाचेल म्हणून. सीपरी बाजारात केळी घेताना शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवत. "भैया, ज़रा देखना, ये पका है?" बिचारा भांबावून म्हणे, "हाँ बाबूजी, पका है." मगच पैसे. एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरताना त्यांनी शेजारी बसलेल्याला हळूच विचारलं, "लड़का ठीक है न?" तो नेमका मुलीचा मामा निघाला. अर्धा तास तो मांडवात अस्वस्थ फिरत होता.

बायकोची साक्ष त्यांना चालत नसे. "ती घरचीच पार्टी," असं म्हणत. काकूंनाही हे सोयीचंच होतं.

दुर्बीण त्यांनी स्वतः बनवली. आरसा घासण्यासाठी छतावर (आमच्याकडे गच्चीला छतच म्हणतात) पाण्याने भरलेलं एक पिंप ठेवलं. त्यावर काच, काचेवर पूड, पुडीवर दुसरी काच. ही वरची काच पुढेमागे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं, म्हणजे घासलं सगळीकडे सारखं जातं. हे महिनोन्‌महिने चाललं. सकाळी स्वेटर आणि कानटोपी घालून साहेब पिंपाला प्रदक्षिणा घालत, ओठांनी फेऱ्या मोजत. मिश्राजींच्या आईंना समोरच्या छतावरून हे दिसे. एके दिवशी पिंपापाशी झेंडूची दोन फुलं आणि एक बताशा सापडला. साहेबांनी बताशा खाल्ला आणि फुलं काकूंना दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं. आरसा पूर्ण झाला आणि पिंप हललं तेव्हा त्या माउली विचारायला आल्या होत्या की बाबूजींचं व्रत सुफळ झालं का.

नळी बोअरवेलच्या प्लॅस्टिक पाइपची होती. तिला मोटर वगैरे काही नव्हती. पृथ्वी फिरते म्हणून दिसणारी वस्तू एक-दोन मिनिटांत बाहेर सरकते, तेव्हा डोळा लावून बसायचं आणि बोटाने नळी हळूहळू ढकलत राहायचं. साहेब ते इतक्या हळुवारपणे करत की काकू एकदा म्हणाल्या, "पाळणा असा कधी हलवला नाही हो तुम्ही."

आणि दिवाणखान्यात तो फ्लेक्स. त्या दीर्घिकेचा एक मोठ्या वेधशाळेने काढलेला फोटो साहेबांनी सीपरी बाजारातल्या बॅनरवाल्याकडे मोठा करायला दिला. ओळख म्हणून आपला पासपोर्ट फोटोही देऊन आले. तो का, हे त्यांनाच ठाऊक. बॅनरवाला पोरगा वर्षभर नेत्यांचे वाढदिवस छापणारा. त्याने हाताला पडलेल्या वळणाप्रमाणे काम केलं. भिंतभर झगमगती दीर्घिका, खालच्या कोपऱ्यात हात जोडलेले साहेब (हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते), आणि मोठ्या अक्षरांत 'समस्त क्षेत्रवासियों को हार्दिक शुभकामनाएँ'. साहेबांनी तो तसाच लावला. म्हणाले, "चूक काय आहे यात? शुभेच्छा आहेतच."

माझ्या पापाचं मूळ तो फ्लेक्स आहे. दांडी मी तिथे रोज पाहत होतो.

ती जानेवारीअखेरची संध्याकाळ होती. इतके दिवस झाशीवर कोहरा, म्हणजे दाट धुकं, होता आणि त्या दिवशी तो फाटला. साहेबांचा फोन आला, "ये. लगेच ये." माझी स्कूटर सुरू होईना, पोचायला उशीर झाला.

"सहा कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड वेळेवर येतो," साहेब जिन्यातच म्हणाले, "आणि तू दोन गल्ल्यांवरून येतोस ते सव्वा आठला."

छतावर हाडं गोठत होती. ती दीर्घिका झाशीहून फार वर येतच नाही. मिश्राजींच्या पाण्याच्या टाकीच्या वर वीत-दोन वीत, बस. साहेब बराच वेळ डोळा लावून होते. मग बाजूला झाले. त्यांचा आवाज मी कारखान्यात कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

"मला वाटतं काहीतरी आहे. पण वाटतंच. तू बघ."

मी बघितलं. माझ्या चष्म्याचा नंबर बराच आहे. चष्मा नळीला टेकला, मग काढला, मग पुन्हा लावला. आत काळोख होता. चार-दोन तारे असतील. खालून भज्यांचा वास येत होता. बायकोचा फोन खिशात थरथरत होता. आणि शेजारी एक म्हातारा माणूस श्वास रोखून उभा होता, ज्याने पिंपाला प्रदक्षिणा घालून हा आरसा घासला होता.

"पास?"

"दिसली, साहेब!" मी म्हणालो. आणि मग, "दांडी पण दिसते."

अंधारात त्यांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी मला अंघोळीचा लोटा उचलवेना.

पुढे जे झालं त्याचा अंदाज मला असायला हवा होता. दुसरी सही मिळाली होती; वस्तू 'आहे' झाली होती. साहेबांनी जाहीर केलं की या वर्षी काकूंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दीर्घिका द्यायची.

"वाण हातात देतात," काकू म्हणाल्या.

"डोळ्यात देऊ."

मग दिवसावरून जुंपली. चंद्र नको म्हणून साहेबांना अमावास्या हवी होती. "अमावास्येला हळदीकुंकू?" काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, बायका घरी येतील की शांत करायला भटजी पाठवतील?" शेवटी द्वितीयेवर तडजोड झाली, कोर लवकर मावळते. दारात काकूंकडून त्या दीर्घिकेची रांगोळी काढून घेतली गेली. एक दांडी आणि दोन वळलेले हात. येणारी प्रत्येक बाई ते अर्धवट स्वस्तिक पाहून दयेने म्हणायची, "रांगोळी संपली वाटतं."

छतावर शालीत गुरफटलेल्या दहा-बारा बायका ओळीने उभ्या. साहेब नळी धरून आणि मी, 'ज्याला दिसली तो', शेजारी पुरावा म्हणून. पहिल्या बाई वाकल्या. "हो हो, अगदी ठसठशीत," म्हणाल्या. नळीवरचं झाकण तेव्हा अजून काढायचं होतं. दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्या नणंदेच्या घरून याहून मोठी दिसते." मग एका घरची नवी सून वाकली. खरं बोलणारी ती एकटीच.

"मुझे तो काला-काला दिख रहा है, काकू."

"नीट बघ," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "नवीन आहेस. सवयीने दिसतं."

काकूंनी सावधगिरी म्हणून चहाच्या गाळण्या आणून ठेवल्या होत्या. जाताना प्रत्येकीला दीर्घिका आणि गाळणी मिळाली. जिन्यात मी स्पष्ट ऐकलं, "गाळणी बरी आहे हो."

मला तेव्हाही सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण साहेबांनी मला अचानक फार मोठा केला होता. आयुष्यभर कुणाच्या नजरेवर भरवसा न ठेवलेला माणूस आता गल्लीभर माझ्या नजरेचे गोडवे गात होता. "याला दांडी दिसते!" मला सुयांमध्ये दोरे ओवायला बोलावणं येऊ लागलं. औषधाच्या पाकिटावरची बारीक तारीख वाचायला. मिश्राजींच्या नातवाच्या पायातला काटा काढायला. मी दीड तास शोधून जो काढला तो तीळ निघाला, जन्मापासूनचा. पोरगं अजून मला पाहिलं की घरात पळतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण साहेब गप्प होत चालले होते. निरभ्र रात्र मिळाली की छतावर जात, डोळा लावत आणि खाली येऊन मला विचारत, "दांडी कशी दिसली होती? आडवी की तिरपी?" मी फ्लेक्स आठवून सांगायचो, "थोडी तिरपी." ते मान हलवत. त्यांचा हिशोब सरळ होता: वस्तू आहे, दुर्बीण तीच, आकाश तेच, म्हणजे खोट डोळ्यात आहे.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. हे लिहिताना मला घाम येतोय.

"डॉक्टर साब, मुझे डंडी नहीं दिखती."

"कौन सी डंडी, बाबूजी?"

"दीर्घिका की. आसमान में."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आप इनके साथ हैं?"

"इसको दिखती है," साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"इनको?" डॉक्टर माझ्या चष्म्याकडे बघत राहिले.

त्यांनी तपासून सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे, सहा महिने थांबलात तरी चालेल.

"वो छह करोड़ साल से चली हुई है," साहेब म्हणाले, "और मैं छह महीने बैठूँ?"

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी त्यांचा हात धरून गेलो. तिथेही सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं. नर्सने "चप्पल बाहर" म्हटलं आणि मी चप्पल काढायला वाकलो, तेवढ्यात दार बंद झालं.

पट्टी निघाल्यावर साहेब घरभर फिरले. "अगं, ही भिंत निळी आहे?" काकू म्हणाल्या, "घर बांधलं तेव्हापासून." मग माझ्याकडे वळून, "अरे, तुझे केस किती पिकले!" मी म्हणालो, काळजीने. त्यांना वाटलं घरची काळजी.

पुढचा माघ आला. छतावरून नव्या डोळ्यालाही काही दिसलं नाही. साहेबांनी ठरवलं होतं की या वेळी झाशीच्या दिव्यांची सबबही नको. भाड्याची गाडी करून, पाइप टपाला बांधून आम्ही झाशीपासून लांब, एरच गावाकडे गेलो. बेतवेच्या काठापासून जरा अलीकडे एक मोकळं रान होतं आणि दक्षिणेला नुसता अंधार. काकू हट्टाने आल्या होत्या, पण गाडीतून उतरणार नाही या अटीवर. काच दोन बोटं खाली करून, थर्मास मांडीवर घेऊन बसल्या. ड्रायव्हर बुंदेली होता. आम्ही इथे काय शोधतोय, असं त्याने पाइप उतरवताना विचारलं, "इतै का हेर रए, बाबूजी?"

"भट्टी," साहेब म्हणाले. तो जाऊन गाडीत बसला आणि दारं आतून लावून घेतली.

सातच्या सुमाराला साहेबांनी नव्या डोळ्याने नळीत पाहिलं. खूप वेळ. बोट नळीवर, हळूहळू ढकलत. मग न हलता म्हणाले, "आहे."

मी पुढे सरकलो. "आहे?"

"आहे. डाग आहे. आरशावर श्वास सोडल्यावर राहतो ना, तसा. जरा लांबट." त्यांनी पुन्हा निरखलं. "दांडी नाही. हात नाहीत. नुसता डाग." आणि मग, कारखान्यातला एखादा जोड नापास करावा तशा साध्या आवाजात, "म्हणजे डोळा करूनही माझ्याकडून होत नाही. ठीक आहे. वय झालं. जाताना दुर्बीण तू घेऊन जा. ज्याला दिसते त्याने बघावं."

त्या क्षणी तो माणूस, इतक्या वर्षांनी, तिला बघत होता. आणि बघता बघता तिला सोडून देत होता, माझ्यामुळे.

एक गोष्ट मला सोयीची होती. त्यांना मान वळवता येत नव्हती. वळले असते तर ती सुटली असती.

"साहेब," मी त्यांच्या कानटोपीला म्हणालो, "मला दांडी दिसली नव्हती."

"कधी?"

"तेव्हा. छतावर."

बोट नळी ढकलत राहिलं. "डाग दिसला होता?"

"डाग पण नाही. काही नाही. थंडी वाजत होती, साहेब. आणि खाली काकू भजी तळत होत्या."

"भज्यांचा काय संबंध?"

"मला घाई होती."

रानात कुठेतरी टिटवी ओरडली. साहेब म्हणाले, "मग हळदीकुंकवाच्या बायका?"

गाडीच्या काचेतून काकूंचा आवाज आला. "कुणाला काही दिसलं नव्हतं. मलाही नाही. मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालंय, तर असेल काहीतरी."

"ती सून तर म्हणाली होती," साहेब पुटपुटले. "काळं दिसतं म्हणून. सासूने गप्प केलं तिला." मग, "अरे, मी डॉक्टरांना नको नको ते बोललो. परवाच्या तपासणीला म्हणालो, काम कच्चं केलंत, डंडी अजून दिसत नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि डोळे मिटून बसायला सांगितलं."

"डोळा उत्तम आहे, साहेब. असल्या दुर्बिणीतून डागच दिसत असणार. हात-दांडी त्या मोठ्या फोटोत. मी फ्लेक्सवरचं सांगितलं तुम्हाला."

"तिरपी म्हणालास."

"फ्लेक्स तिरपा लागलाय."

ते आता वळले. ती सुटली असणार, त्यांनी सोडली. अंधारात चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं ओरडतील. कारखान्यात एकदा असे ओरडले होते की क्रेनवाला घाबरून खाली उतरला होता. पण ते पुन्हा खाली वाकले, नळी हातात घेतली आणि शोधू लागले. शोधायला वेळ लागला. काकूंनी थर्मासचं झाकण उघडलं, कप भरला आणि कुणालाच दिला नाही. ड्रायव्हर काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होता.

"सापडली," साहेब म्हणाले आणि बाजूला झाले. "ये. बघ."

मी चष्मा काढला, डोळा लावला. गार कड भुवईला टेकली. मी श्वास धरला. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मधोमध पाहिलं. माझ्या आयुष्यात मला काही दिसावं अशी इतकी इच्छा कधी झाली नव्हती. शेजारी ते उभे होते, आणि ते काहीच विचारत नव्हते. 'पास?' असंही म्हणत नव्हते.

"नाही दिसत, साहेब," मी म्हणालो. "मला काही नाही दिसत. तेव्हाही नव्हतं दिसलं. मला माफ करा."

साहेबांनी मला बाजूला सारलं, पुन्हा डोळा लावला आणि म्हणाले, "आहे. एकानेच पाहिली, तरी आहे."